न पेटलेल्या दिव्याचा हिशेब

गेल्या गणपतीतली गोष्ट. मूर्ती घरी यायला एक दिवस उरला होता आणि नातवाने मखरासाठी केलेली रोषणाई काही केल्या पेटत नव्हती. एलईडीची २ मीटर पट्टी, १२ व्होल्टचा अडॅप्टर, संगणकाला जोडलेला आर्डुइनोचा छोटा बोर्ड आणि मध्ये एक ट्रान्झिस्टर, एवढाच सारा संसार. पहिला ट्रान्झिस्टर बीसी ५४७ जातीचा होता. तो चटका बसेल इतका तापला आणि कामातून गेला. मग दांडगा टीआयपी १२२ आणून बसवला, तरी पट्टी ढिम्म. पोरगं रडकुंडीला आलं. हे सगळं कचऱ्यात टाकतो आणि महाद्वार रोडवरून तयार माळ आणतो, म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि जॉन बार्डीन नावाच्या माणसाची गोष्ट सांगायला बसलो.

आमच्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवायचा रेडिओ. पण ज्या चिमुकल्या भागामुळे त्या रेडिओला हे नाव मिळालं, त्याच्या तीन जनकांपैकी बार्डीन एक. पदार्थविज्ञानाचं नोबेल दोनदा मिळवणारा आजवरचा एकमेव माणूस.

त्याचा जन्म २३ मे १९०८ रोजी अमेरिकेतल्या मॅडिसन गावी झाला. वडील तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता. मुलगा अभ्यासात इयत्ता ओलांडत गेला, पण वयाला १२ वर्षं पुरी होण्याआधीच आई कर्करोगाने गेली. १५ व्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला, विद्युत अभियंता झाला आणि एका तेल कंपनीत नोकरीला लागला. ती नोकरी त्याने ऐन जागतिक मंदीत, १९३३ मध्ये सोडली आणि गणिती विज्ञान शिकायला प्रिन्स्टन गाठलं. आयुष्य पगाराच्या तारखेवर काढलेल्या माझ्यासारख्याला त्या धाडसाची किंमत कळते.

१९४५ मध्ये तो बेल प्रयोगशाळेत आला. तिथे विल्यम शॉकली यांनी एक कल्पना मांडली होती. अर्धवाहकाच्या पातळ थरावर बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं, तर आतला प्रवाह हवा तसा कमीजास्त करता येईल. कागदावर गणित चोख होतं. प्रत्यक्षात मात्र काहीच घडत नव्हतं. बार्डीनने ना कल्पना फेकून दिली, ना प्रयोगाला दोष दिला. हे क्षेत्र आतपर्यंत पोचतच नसेल तर, असा साधा प्रश्न त्याने स्वतःला घातला. १९४६ मध्ये त्याला उत्तर सुचलं. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच अडकून बसतात आणि ढालीसारखे आड येतात. न चालणाऱ्या यंत्रानेच त्याला वाट दाखवली.

मग वॉल्टर ब्रॅटनने प्रयोग करायचा आणि बार्डीनने त्याचा अर्थ लावायचा, अशी जोडी जमली. प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्याला सोन्याचा वर्ख चिकटवला, टोकाशी ब्लेडने बारीक चीर दिली आणि स्प्रिंगने तो जर्मेनियमवर दाबला. १६ डिसेंबर १९४७ रोजी त्यातून क्षीण संकेत मोठा होऊन बाहेर पडला. घरी येऊन बायको जेनला त्याने स्वयंपाकघरात एवढंच सांगितलं, की आज काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

यशाबरोबर मानापमानही आले. शॉकलींनी पुढचं संशोधन आपल्या मुठीत ठेवलं. बार्डीनने भांडण मांडलं नाही. १९५१ मध्ये तो शांतपणे इलिनॉय विद्यापीठात गेला. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून जाहीर झालं, ती बातमी त्याने न्याहारीची अंडी करताना रेडिओवर ऐकली. अतिवाहकतेच्या उपपत्तीसाठी १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह दुसरं नोबेल मिळालं, त्या सकाळी त्याच्या गॅरेजचं ट्रान्झिस्टरवर चालणारं दारच उघडेना! ३० जानेवारी १९९१ रोजी तो वारला.

आणखी एक धागा नातवाला फार आवडला. इलिनॉयमधला बार्डीनचा पहिला विद्यार्थी निक होलोन्याक. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी त्याने १९६२ मध्ये केला. म्हणजे आमच्या मखराची पट्टी आणि तिचा ट्रान्झिस्टर एकाच गुरुकुलातले.

मग आम्ही दोघे बसलो. बँकेत संध्याकाळी ताळा जुळला नाही, की आम्ही वही फेकत नसू. एकेक नोंद तपासत असू. बीसी ५४७ ची झेप १०० मिलिअँपिअरची आणि पट्टी मागणार त्याच्या सात-आठ पट, म्हणून तो जळाला. हा झाला पहिला फरक. दुसरा मात्र सापडेना. बोर्डाच्या पिनवर ५ व्होल्ट होते, बेसला १ किलोओहमचा रोधही होता. शेवटी मल्टिमीटरने बोर्डाचं ऋण टोक आणि अडॅप्टरचं ऋण टोक यांच्यात जोड आहे का ते पाहिलं. नव्हता. बोर्डाकडून बेसमध्ये गेलेल्या प्रवाहाला परत यायला रस्ताच नव्हता. जमेची नोंद एका वहीत, नावेची दुसरीत. ताळा जुळणार कसा?

वीतभर काळ्या वायरने नातवाने दोन्ही टोकं जोडली. पट्टी उजळली.

दुसऱ्या दिवशी आरतीला सगळे मखराकडे बघत होते. नातू मात्र टाकून देणार होता तो जळका ट्रान्झिस्टर खिशात घेऊन उभा होता.