डॉप्लर नावाचा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत आजीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिचा मधुमेह जुना. एका डोळ्यात आतल्या आत रक्त उतरलेलं, त्यामुळे डॉक्टरांना मागचा पडदाच दिसेना. उजेड आत जात नसला तरी आवाज जातो, म्हणून मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी केली. मग एक बटण दाबलं आणि करड्या चित्रात लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. वाहतं रक्त! त्याला म्हणतात कलर डॉप्लर. बारावीत या नावाची गणितं सोडवली होती, पण हा माणूस कोण हे कधी विचारलंच नव्हतं.

ख्रिस्तियान डॉप्लर १८०३ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला जन्मला. घरचा धंदा पाथरवटाचा. पोरगं तब्येतीने नाजूक, छिन्नी-हातोडा झेपणार नाही म्हणून शिकायला घातलं. व्हिएन्नात शिकला, असिस्टंट झाला. ती मुदत संपल्यावर नोकरी मिळेना. दीड वर्ष सूतगिरणीत हिशेब लिहिले! (प्लेसमेंटची चिंता करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) वैतागून अमेरिकेला निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात १८३५ मध्ये प्रागहून शिक्षकाची नोकरी आली.

२५ मे १८४२ ला प्रागमध्ये त्याने पेपर वाचला. ऐकायला मोजकी माणसं. लाटा सोडणारी वस्तू जवळ येताना लाटा दाटतात, लांब जाताना विरळ होतात, म्हणून मुळात पांढरे असलेले तारे रंगीत दिसतात, असं त्याचं म्हणणं. पहिला भाग बरोबर, दुसरा साफ चूक. ताऱ्याचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बॉइस बॅलटने चक्क आगगाडीवर कर्णेवाले बसवले आणि सुरांचे जाणकार रुळाशेजारी उभे केले. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरलेला. ताऱ्यांच्या रंगाचं मात्र त्यालाही पटलं नाही.

इकडे प्रागमध्ये शेकडो मुलांच्या परीक्षा घेऊन डॉप्लरची तब्येत खचली. वर तो फार कडक परीक्षा घेतो अशी मुलांनीच तक्रार केली. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात फिजिक्स इन्स्टिट्यूटचा पहिला संचालक झाला. वाटाण्यांवाला मेंडेल तिथे त्याचा विद्यार्थी. पण फुप्फुसं साथ देईनात. हवापालटासाठी व्हेनिसला गेला आणि तिथेच १७ मार्च १८५३ ला वारला. वय ४९.

रक्ताचा विचार त्याने केलाच नव्हता. तो जपानमध्ये सातोमुराने १९५० च्या दशकात केला. डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत वेग सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर. ७.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी त्यावर आपटून परत येताना सुमारे १००० हर्ट्झने बदलतो, म्हणजे हा फरक कानाला ऐकू येतो! मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, अडथळा वाढतो आणि दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह मंदावू शकतो. तेच इथे मोजतात. अर्थात थेंब घालून पडदा तपासणं चुकत नाही. आणि ते लाल-निळे रंगसुद्धा रक्ताचे नव्हेत, मशीनने दिलेले: प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं.

त्या खोलीत हुश्श-हुश्श आवाज चालू होता. आजीने विचारलं, हे काय वाजतंय? म्हटलं, तुझाच डोळा.