घरच्या छळाचाही न्याय व्हावा : हर्बर्ट पेल

अमेरिकन मुत्सद्दी हर्बर्ट पेल यांचे अल्पचरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे सादर करीत आहोत.

१८८४ साली न्यूयॉर्क येथे सधन कुळात जन्मलेले पेल प्रथम काँग्रेसचे सभासद व पुढे पोर्तुगाल आणि हंगेरी येथे अमेरिकेचे राजप्रतिनिधी झाले. १९४३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आपल्या या स्नेह्यास लंडन येथील संयुक्त राष्ट्रांच्या युद्धगुन्हे आयोगावर नेमिले. हिंदुस्थानही या आयोगाचा सभासद होता.

शत्रूच्या प्रजेवर वा सैनिकांवर केलेले अत्याचार तेवढेच युद्धगुन्हे, असे तेव्हाचे कायदेपंडित मानीत. जर्मनीने स्वतःच्याच ज्यू प्रजेचा मांडिलेला छळ त्यांत बसत नव्हता. पेल कायदेपंडित नव्हते. परंतु वंश वा धर्म यांपायी झालेला छळ, मग तो स्वकीय प्रजेचा का असेना, मानवतेविरुद्ध गुन्हा समजून त्याचाही न्याय व्हावा, असा सल्ला त्यांनी १९४४ साली दिला. त्यांच्याच परराष्ट्र खात्यातून त्यास विरोध झाला. १९४५ च्या जानेवारीत, पदाच्या खर्चास मंजुरी नाही, या कारणास्तव त्यांना दूर करण्यात आले. पेल यांनी मग हा प्रश्न वृत्तपत्रांपुढे नेला.

८ ऑगस्ट १९४५ रोजी झालेल्या न्यूरेंबर्ग न्यायालयाच्या सनदेत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांस स्थान मिळाले. न्यायासनाने मात्र युद्धाशी निगडित कृत्यांपुरताच त्यांचा विचार केला. पेल १९६१ साली निवर्तले.

घरचा अन्याय घरातच झाकावा, ही वृत्ती राष्ट्रांत असते तशी कुळांत व ज्ञातींतही असते. आपल्या मंडळापुढे अशी गाऱ्हाणी येतील तेव्हा पेल यांचे स्मरण व्हावे, एवढीच आमची विनंती.