मलिक अंबरचा धारा

इथिओपियात सुमारे १५४८ साली जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत आला. पेशवा चंगेजखान हा त्याचा धनी. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा याच मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून बुडते राज्य पाव शतक तगविले. नगरजवळच्या भातवडीची १६२४ ची लढाई सर्वांना ठाऊक असते; त्याचे महसुलाचे काम मात्र फारसे कुणी आठवत नाही.

इजारेदारी त्याने मोडली. जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरविला. शेत गावाशी, गाव पाटलाच्या वतनाशी आणि वतन सरकारी वसुलीशी बांधले.

१६२६ साली तो वारला. दहा वर्षांनी निजामशाहीही बुडाली. धारा मात्र टिकला. लढायांनी आणि १६३० च्या दुष्काळाने उजाड झालेल्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी तीच पद्धत उचलली. ही नक्कल सोपी नव्हती. संगणकात एखाद्या टेबलाचा साचा उतरविला की रकाने तेवढे येतात. त्यांना दुसऱ्या टेबलांशी बांधणारी ‘फॉरेन की’ अनेकदा मागे राहते, आणि मग धनी नसलेली नोंदही बिनबोभाट शिरते. पुण्यात तर रकान्यांत लिहायची कुळेच परागंदा झाली होती. म्हणून दादोजींनी आधी रयत वसविली, नव्या लागवडीवर प्रारंभी अल्प सारा ठेवला, मुजोर देशमुखांना वठणीवर आणले. वसुलीचा हिशेब त्यानंतर सुरू झाला.