अ‍ॅलन हॉजकिन : मज्जातंतूतील विजेचे कोडे
अ‍ॅलन हॉजकिन यांचा जन्म १९१४ मध्ये इंग्लंडमधील बॅनबरीचा. १९३९ मध्ये प्लिमथला त्यांनी अँड्र्यू हक्सली यांच्यासह स्क्विडच्या (आपल्याकडचे माकूळ) जाड मज्जातंतूत इलेक्ट्रोड घालून विद्युतसंदेश मोजला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले. हॉजकिन रडारच्या कामात गुंतले आणि संशोधन थांबले. १९५२ मध्ये दोघांनी दाखवून दिले की, आधी सोडियम पेशीत शिरते, मग पोटॅशियम बाहेर पडते आणि संदेश पुढे सरकतो. १९६३ मध्ये जॉन एकल्स यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले. हॉजकिन १९९८ मध्ये वारले.

दात काढताना हिरडी बधिर करणारे इंजेक्शन सोडियमची हीच वाट अडवते. फिट येणाऱ्यांना दिली जाणारी फेनिटॉइनची गोळीही याच वाटेवर काम करते. म्हणून फिट थांबली तरी ती गोळी स्वतःहून बंद करू नका.