रुडॉल्फ डिझेल : नाव सगळ्यांना माहीत, माणूस कुणालाच नाही

हॉस्टेलवर गाड्यांचा विषय निघाला की रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळतच नाही. फॅमिलीसाठी कुठली एसयूव्ही भारी, सात जण बसवून घाटात कुठली दमणार नाही, मागे ट्रेलर जोडला तर कुठली ओढेल! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लेख लिहिणं म्हणजे व्हायवापेक्षा अवघड. तरीही या वादात ज्याचं नाव आपण दर दोन वाक्यांनी घेतो, त्या माणसाबद्दल लिहायचं ठरवलं.

आधी थोडे आकडे. २०१६ साली भारतात जी नवी फॉर्च्युनर आली, तिच्यात दोन इंजिनं होती. २.७ लिटर पेट्रोल १६६ पीएसचं, २.८ लिटर डिझेल १७७ पीएसचं. म्हणजे पॉवर जवळपास सारखी. पण टॉर्क बघा. पेट्रोलचा २४५ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. मॅन्युअल डिझेलचा ४२०, आणि तो १४०० आरपीएमपासूनच मिळतो. ओझं जागेवरून हलवायला हाच टॉर्क लागतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर डिझेलवरच चालतात ते उगाच नाही. यात टर्बोचा वाटा मोठा आहे हे खरं. पण डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते आणि इंधन शेवटी येतं. त्यामुळे टर्बोने कितीही हवा कोंबली तरी इंधन वेळेआधी पेटण्याची भीती नसते. ही मूळ कल्पना रुडॉल्फ डिझेलची.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आई-वडील जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तू बनवण्याचा छोटा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्गला काकांकडे पाठवलं. काका गणिताचे शिक्षक. पोरगं हुशार निघालं, स्कॉलरशिप मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेलं. टायफॉईडमुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली. ती जानेवारी १८८० मध्ये दिली, आणि उत्तम मार्कांनी पास झाला.

तिथे त्याला थर्मोडायनॅमिक्स शिकवायला होते कार्ल फोन लिंडे, रेफ्रिजरेशनवाले! वाफेचं इंजिन कोळशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता वाया घालवतं, हे त्याने त्यांच्या लेक्चरमध्ये ऐकलं. कार्नो सायकल तर आपणही शिकतो, परीक्षेपुरती. याने मात्र ते इंजिन बनवायचंच असं वहीच्या मार्जिनमध्ये लिहून ठेवलं आणि पुढची अनेक वर्षं त्याच्यामागे लागला.

पोटासाठी लिंडेंच्याच कंपनीत बर्फाच्या मशिनांचं काम केलं. १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबुर्गचा कारखाना आणि क्रुप यांनी पैसा लावला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली आणि दाब मोजणारं उपकरण स्फोटात उडालं. रुडॉल्फ थोडक्यात वाचला. पण हवा दाबून आपोआप ज्वलन होतं, हे मात्र सिद्ध झालं.

गंमत म्हणजे पेटंटमध्ये त्याने ज्वलन स्थिर तापमानाला होईल असं मांडलं होतं. ते प्रत्यक्षात जमेना. शेवटी स्थिर दाबावर यावं लागलं, आणि आपण पुस्तकात डिझेल सायकल म्हणून शिकतो ती हीच. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रोफेसर श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली, एफिशिअन्सी आली सुमारे २६ टक्के. सगळी दुनिया थक्क झाली. पैसा धो-धो आला. पण सुरुवातीची इंजिनं सारखी बंद पडत, गिऱ्हाईकं ती परत करत. पेटंटवर कोर्टकज्जे सुरू झाले, टीकाकार तुटून पडले. तब्येत ढासळली, गुंतवणुकी बुडाल्या. घरात थाट तोच राहिला, आणि कर्ज किती झालंय हे त्याने कुणाला कळू दिलं नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर होता. जेवून केबिनकडे गेला. सकाळी बिछाना तसाच, टोपी आणि ओव्हरकोट डेकवर. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. घातपाताच्या अफवा आजही आहेत, पण बहुतेक अभ्यासकांना ती आत्महत्या वाटते. वय ५५.

त्याचं इंजिन तेव्हा गाडीत बसण्याइतकं लहानही झालं नव्हतं. डिझेल ट्रक आले १९२३-२४ च्या सुमारास, मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार १९३६ मध्ये. एसयूव्ही तर फार लांब.

मला वाटतं, या माणसाकडून दोन गोष्टी घ्याव्यात. लेक्चरमधली एखादी गोष्ट परीक्षेनंतरही डोक्यात ठेवायची, ही पहिली. दुसरी त्याला जमली नाही ती. बॅकलॉग असो, फी असो की घरचं टेन्शन, आपल्या हॉस्टेलमध्येही सगळं लपवून हसत फिरणारे कमी नाहीत. तेव्हा मित्रांनो, ओझं फार झालं तर बाजूच्या रूमचं दार वाजवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी कुणीतरी जागं असतंच.