विजयगीतात तोफा वाजवणारे जुझेप्पे सार्ती कोण होते?

मोझार्टने ‘डॉन जिओव्हानी’ ऑपेरात ज्यांची धून घेतली, ते इटालियन संगीतकार जुझेप्पे सार्ती १७८४ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या दरबारी रुजू झाले. ओचाकोव्हचा किल्ला रशियाने जिंकल्यावर त्यांनी विजयगीतात चक्क तोफा वाजवल्या!

पण गायिका लुइझा टोडी यांच्याशी बिनसलं आणि नोकरी गेली. सेनापती पोतेमकिन यांनी आसरा दिला, गायनशाळा काढायला युक्रेनमधलं एक गावही दिलं. १७९३ मध्ये दरबारात पुन्हा वर्णी लागली.

खरी कमाल १७९६ ची. विज्ञान अकादमीपुढे त्यांनी स्वराची कंपनं मोजून दाखवली. वाद्यं ज्यावर जुळवतात तो ‘ए’ स्वर भरला सेकंदाला ४३६ कंपनांचा. आजचं प्रमाण आहे ४४० हर्ट्झ. इटलीला परतताना १८०२ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं.