आधी अर्थशास्त्र, मग वकिली : बाबासाहेबांच्या अभ्यासाची वाट

वकील व्हायचं म्हणजे थेट कायद्याची पुस्तकं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र आधी पैसा, जमीन आणि शेती समजून घेतली.

१९१२ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. पुढच्या वर्षी सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले आणि १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाले. १९१६ ला लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी, दोन्हीकडे नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं.

ते खचले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार कमी करायला उद्योगधंदे हवेत, असं त्यांनी त्यात मांडलं. १९२० ला साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत घेऊन पुन्हा लंडन गाठलं. १९२३ पर्यंत बॅरिस्टरी झाली, रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी.ही मिळाली. मग मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली.

हा अभ्यास पुढे कुळांच्या कामी आला. कोकणात खोत कुळांकडून वसुली करायचे. ती खोती बंद करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडलं. स्वातंत्र्यानंतर कायद्याने खोती गेली.

गावातून वकिलीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनो, बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं म्हणजे वर्षं वाया गेली, असं समजू नका. सातबाऱ्यामागचा हिशोब कळला, तर अशिलाचं दुखणंही लवकर कळतं.